दिशा नसलेला वारा

वैशाख आला की बडोद्याची दुपार दारं लावून घेते. मांडवीच्या दुकानांवर गोणपाटाचे पडदे उतरतात, घडियाळी पोळीतले, म्हणजे आमच्या गल्लीतले, ओटे तव्यासारखे तापतात आणि कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलतात. अशा सामसूम वेळी पोळीच्या तोंडाशी एक वावटळ उठते. कडुलिंबाची पिवळी पानं, कागदाचे कपटे, कुणाच्या तरी गच्चीवरून सुटलेली लोकरीची गुंडी असं हाताला लागेल ते घेऊन ती एक गिरकी मारते आणि दोन घरं ओलांडली की दम लागून बसते. मी माडीच्या खिडकीतून बघत असते. समोरच्या चंपाबेन तिला पाहिलं की थुंकतात, कारण वावटळीत भूत असतं. मी थुंकत नाही. तिची एक थोरली बहीण माझ्या ओळखीची आहे आणि ओळखीच्या घरातल्यांवर थुंकणं मला जमत नाही.

परवा त्या थोरल्या बहिणीचं मी सुमनला सांगायला गेले. सुमन माझी नात. कॉलेजात विज्ञान शिकते, त्यामुळे घरात कुणाचंच काही बराबर नसतं.

"आजी, तू म्हणतेस तो टॉर्नेडो झाला," ती म्हणाली. "तो अमेरिकेत होतो. आपल्याकडे नाही होत."

"का नाही होत?"

"कुठे नोंदच नाही ना."

नोंद नाही म्हणजे झालंच नाही, हे वाक्य मी तरुणपणी फार ऐकलं आहे. त्या वाक्याने एका उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या भावाला खायचं बाकी ठेवलं होतं. त्यात गंमत अशी, की नोंदी ठेवण्याचं काम आमच्याच घरात होतं.

आमचे हे कचेरीत होते. तालुक्यांतून येणाऱ्या पाऊसपाण्याच्या खबरा एकत्र करून त्यांचा मराठीत गोषवारा काढायचा, हे त्यांचं काम. महाराजांच्या राज्यात मोजायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. शाळेत जाणारी मुलं मोजत, देवी टोचलेले दंड मोजत, विहिरींतलं पाणी मोजत. संवत एकोणीसशे छप्पनच्या दुष्काळाने सगळ्यांना असा धडा दिला होता की आभाळाकडे कुणी भाबडेपणाने बघेना. पाऊस मोजायला कचेरीच्या आवारात एक भांडं होतं. ह्यांचा त्या भांड्यावर इतका जीव, की मी एकदा म्हटलं होतं, त्याला एक तीट लावा. पण वारा मोजायचं भांडं नव्हतं. वाऱ्यासाठी तालुक्याच्या कागदावर एकच ओळ असे: वारा कोणत्या दिशेचा.

मागच्या काळातली वादळं शोधायची म्हणून ह्यांनी जुनी मोडी दप्तरंही उपसली होती. घरी आले की अंगाला बुरशीचा वास यायचा. त्यांतून त्यांनी एक मोठा शोध लावला आणि तो मला जेवताना सांगितला. हत्तीखान्याचं छप्पर उडालं, ती नोंद आहे. निशाणाची काठी मोडली, ती नोंद आहे. पण ज्या वाऱ्याने सरकारचं काहीच मोडलं नाही, तो वारा दप्तरात झालेलाच नाही. तो फक्त गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो, आणि तिथे दर सांगण्याला म्हैस थोडी थोडी उंच उडते. हे म्हणत, खरं वादळ ह्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. मग ताक मागत.

शब्दांचाही घोळ होता. आपल्याकडे पावसाला किती नावं आहेत: झड, सर, भुरभुर, मुसळधार, वळीव. पण गरगर फिरणाऱ्या वाऱ्याला वावटळ हे एकच नाव. पानं नाचवणारीही वावटळ आणि घरं उपटणारीही वावटळच. गुजरातीतही तेच, लहान असो मोठा असो, वंटोळियो. वाघालाही मनीच म्हणायचं ठरवलं तर वाघाने खाल्लेल्या माणसाला कोण विचारणार? हे मी तेव्हा नुसतं बोलायला म्हणून बोलले होते. त्याच वैशाखात ते खरं झालं.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, शहराच्या उत्तरेचं समा गाव ओलांडून पुढे कोसा-दोन कोसांवर असलेल्या एका गावात मास्तर होता. सक्तीचं शिक्षण नुकतंच सगळ्या राज्यात सुरू झालं होतं. दादा मनाने मऊ. लहानपणी अंधारात परसात जायचं असलं की मला पुढे घालायचा आणि वर म्हणायचा, "गोदू, तू घाबरू नकोस, मी मागे आहे." त्या गावात त्याने लोकांना धरधरून शाळेची इमारत उभी केली. विटा गावच्या, हात गावचे, देखरेख ह्याची. भिंतींना चुना लागला तेव्हा मला आणि ह्यांना गाडी पाठवून बोलावलं, वहिनीने पुरणपोळी केली, आणि दादाने मला प्रत्येक खिडकी उघडून आणि मिटून दाखवली. खिडकी ही उघडायची आणि मिटायचीच वस्तू, पण तो असा दाखवत होता की मलाही ते नवल वाटलं.

त्या वर्षी परीक्षेला शाळा तपासणारे डिपोटी यायचे होते, म्हणून उन्हाळा असूनही दादाने दुपारची शाळा ठेवली होती. अशाच एका दुपारी वारा एकदम पडला. त्या दुपारचं मी ऐकलंय इतक्या तोंडांतून की आता मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते. बडोद्यात आम्हाला फक्त उत्तरेकडचं आभाळ दिसलं, वांगं भाजल्यावर सालीला येतो तसल्या रंगाचं. वाळत घातलेल्या कुरडया मी घाईने आत घेतल्या. थोड्या गारा पडल्या, पोरांनी वाटीत धरल्या, आणि संध्याकाळी पोळीत पुन्हा खाटा बाहेर आल्या. इकडे एवढंच झालं.

तिकडे आभाळातून एक सोंड खाली आली होती. तिने गावाची एकच कड धरली. शाळा बसवली, कुंभाराचं घर आणि आणखी चारपाच जणांची घरं उचकटली, एका म्हाताऱ्याचा पाय मोडला आणि ती शेतांत विरून गेली. पन्नास पावलांवर पटेलांच्या ओट्यावर पापड वाळत होते. ते जागचे हलले नव्हते. शाळेतली मुलं मात्र सगळी वाचली, कारण भिंती पडल्या तेव्हा आत कुणीच नव्हतं. शाळेजवळ एक जुनी वाव आहे, पायऱ्यांची खोल विहीर. मुलं आणि दादा त्या वावेच्या पायऱ्यांवर खाली दडून बसले होते. वर आली तेव्हा शाळा नव्हती.

गाव दादाच्या पायांना हात लावायला आला. मास्तरांनी पोरं वाचवली. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. मीही इथे पोळीत सगळ्यांना सांगत सुटले, माझा भाऊ असा आणि माझा भाऊ तसा.

मग चौकशी निघाली. नवी इमारत पडली म्हटल्यावर ती निघणारच होती, आणि ती करायला आलेले साहेब वाईट नव्हते. थकलेले होते आणि त्यांनी पडलेल्या भिंती पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांच्या हाती गावाच्या जबान्या आल्या. वारा कोणत्या दिशेचा, ह्या ओळीपुढे कुंभारणीने सांगितलं उगवतीचा. लोहाराने सांगितलं मावळतीचा. एकाने दक्षिणेचा, एकाने उत्तरेचा. आणि पटेलांनी, ज्यांचे पापड हलले नव्हते, प्रामाणिकपणे सांगितलं की वारा असा काही फार नव्हताच. साहेबांनी विचारलं, असा कुठला वारा एकाच वेळी चारी दिशांनी येतो? वावटळ म्हणता, मग वावटळीने भिंत पडते का? ज्या भिंती पडल्या त्या मुळातच कच्च्या असणार. आणि मास्तरांना ते ठाऊक असणार, म्हणून तर गारांचं निमित्त होताच त्यांनी आधी पोरं बाहेर काढली. पोरं वाचवली हाच दादाच्या विरुद्धचा पुरावा झाला. आरोप शाबीत झाला असता तर नोकरी तर गेलीच असती, पण कच्च्या भिंतींत पोरं बसवणारा मास्तर म्हणून तो उरला असता. दादाला हे दुसरं जास्त लागलं. त्याचं जेवण तुटलं.

ती खबर गोषवाऱ्यासाठी ह्यांच्याच टेबलावर आली. घरी येऊन हे बराच वेळ टोपी हातात धरून बसले.

"एक गोष्ट मला पटत नाही," ते म्हणाले. "दादांनी गावाला पढवलं असतं, तर सगळे एकच दिशा बोलले असते. खोटं नेहमी एका सुरात असतं."

"मग लिहा ना तसं."

"माझ्या पटण्याला कोण विचारतो? जाऊन बघायला पाहिजे."

आणि त्यांनी वर अर्ज दिला की मी जागा पाहून येतो. अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, सदर मास्तर माझ्या पत्नीचे बंधू आहेत. ते वाचून माझा तोल गेला. मी म्हटलं, "हे वर लिहिलंत तर खाली काय लिहिलंय ते कोण वाचणार?" ते म्हणाले, "आत्ता कदाचित वाचतील. मागाहून कळलं तर कुणीच वाचणार नाही." मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आज वाटतं, दादाची वाचण्याची वाट मोकळी राहिली ती त्या एका ओळीमुळेच. पण त्या वेळी मला नवऱ्याचा प्रामाणिकपणा म्हणजे भावाच्या मानेवरचा हात वाटला.

परवानगी मिळाली. मी मागे लागून बरोबर गेले. वहिनीला सोबत हवी, असं कारण दिलं. गाडीवाटेला दोन्ही बाजूंना रान आमच्या ओळखीचं होतं, आणि मग एके ठिकाणी ते अनोळखी झालं. आंब्याचं एक झाड मुळासकट पडलेलं, त्याच्या शेजारचं उभं. उभ्या झाडाला कैऱ्या तशाच लोंबत होत्या. पडलेल्या झाडाच्या कैऱ्या कुणीतरी गोळा करून नेल्या होत्या, ते मला बरं वाटलं.

ह्यांनी पुरुषांना पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पुरुष त्या वेळी शेतांत, कुणी चोऱ्यावर, म्हणजे तिकडच्या चावडीवर, कुणी धावतच, आणि आता तर जो तो आपल्या जबानीला चिकटून बसलेला. घरात होत्या त्या बायका, आणि त्यांची जबानी कुणी घेतलीच नव्हती. कुंभारणीच्या नावावरची जबानीसुद्धा तिच्या नवऱ्याने दिलेली. त्या दुपारी तो गावातही नव्हता.

मी आत गेले. कुंभारणीचं नाव रेवाबेन. तिच्या घराला आता ताडपत्रीचं छप्पर होतं. मी विचारलं, वारा कुठल्या दिशेचा? ती म्हणाली, बेन, दिशा तर बामणाला ठाऊक. मी विचारलं, मग तू त्या वेळी काय करत होतीस? तेव्हा तिचं तोंड मोकळं सुटलं. "चूला सामे बेठी'ती, ने राख मोढा पर आवी." चुलीसमोर बसले होते आणि राख तोंडावर आली. चूल जिथे होती तिथेच होती, मातीची चूल वाऱ्याने उचलली नव्हती. मी त्या चुलीसमोर जाऊन बसले. स्वयंपाक करणारीचं तोंड उगवतीला असावं, ही रीत आमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही. राख तोंडावर आली म्हणजे वारा समोरून, उगवतीकडून. नवऱ्याने बरोबरच सांगितलं होतं. बायकोने सांगितलेलंच त्याने आपल्या तोंडून सांगितलं होतं, एवढंच.

मग मला नादच लागला. मी प्रत्येक पडक्या घरात गेले, प्रत्येक चुलीसमोर बसले आणि प्रत्येक घरची छाश, म्हणजे ताक, प्याले. लोहारणीच्या पाठीवर दार येऊन आदळलं होतं. तिने मला पाठीवरचा वळ दाखवला. एकीच्या उजव्या हाताची भिंत आत आली. एकीच्या डाव्या हाताची उतरंड कोसळून तिच्या मांडीवर आली, आणि सर्वांत वरच्या मडक्यातलं लोणचं तेवढं वाचलं, हे तिने तीनदा सांगितलं. एका घरात चूल उलट्या तोंडाची निघाली. मी विचारलं तर सासू म्हणाली, सुनेला म्हणून म्हणून थकले. त्या घरचं डावं-उजवं मी मनात फिरवून घेतलं. कुणी दिशा म्हणून काही सांगितलं नाही. सगळ्यांनी आपलं तोंड, आपली पाठ आणि आपला हात सांगितला, आणि त्यात चूक होण्याजोगं काही नव्हतं.

संध्याकाळी दादाच्या अंगणात ह्यांनी चिंचोके मांडले. एक चिंचोका म्हणजे एक घर. मी सांगत गेले तशी ते प्रत्येकाजवळ कडुलिंबाची काडी ठेवत गेले, वारा जिकडे गेला तिकडे तिचं टोक. कुंभाराचं घर उत्तरेच्या अंगाला, काडी मावळतीला. लोहाराचं दक्षिणेला, काडी उगवतीला. काड्या ठेवून झाल्या आणि ह्यांचा हात थांबला. मी उभी होते, म्हणून मला आधी दिसलं असेल. काड्या एकमेकींशी भांडत नव्हत्या. त्या एकमेकींच्या मागून चालल्या होत्या, देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तशा, फक्त उलट्या अंगाने.

"कुणीच खोटं बोललेलं नाही," हे म्हणाले.

वारा येईल तशी पाठ द्यावी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती करणाऱ्याने असला वारा पाहिलेला नसणार, कारण ह्याला पाठ द्यायला चार पाठी लागल्या असत्या. मी तेव्हा हसले. दादा हसला नाही. तो ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि त्याने त्या काड्यांकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, काळजी अजून गेली नाही.

ह्यांनी तो सगळा नकाशा कागदावर उतरवला, आणि वारा कोणत्या दिशेचा ह्या ओळीपुढे लिहिलं: चहूकडून. पुढे त्याचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. वर्षअखेरीस गोषवाऱ्याची शुद्ध प्रत काढणाऱ्या कारकुनाला वाटलं की हा लेखनदोष आहे. एका वाऱ्याला एकच दिशा हवी. त्याने विचार करून ‘पश्चिम’ लिहिलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. सुमनला उद्या नोंद सापडलीच, तर त्या वैशाखात उत्तरेकडच्या एका गावात पश्चिमेचा जोराचा वारा सुटला, एवढं तिला सापडेल. आपल्या मुलखात ते वादळ होत नाही असं म्हणणारे आणि होतं असं म्हणणारे, दोघांच्याही हाती त्या कारकुनाचाच कागद असतो.

साहेब पुन्हा आले. चोऱ्यावर सगळं गाव जमलं. आम्ही बायका शेजारच्या ओसरीत, वेळूच्या चिकाच्या पडद्याआड. साहेबांनी ह्यांचा नकाशा मन लावून पाहिला, बोट फिरवून पाहिलं, आणि पटेलांचं घर कुठे ते विचारलं. ते त्या फेऱ्याच्या बाहेर होतं. त्यांनी मान हलवली.

"वारा मान्य," ते म्हणाले. "असल्या वाऱ्यापुढे पक्की भिंतही उभी राहिली नसती. पण मास्तर, एक राहिलं. पोरं तुम्ही आधीच बाहेर का काढलीत? तुमच्या जबानीत आहे, निसर्गपाठ देण्यासाठी. परीक्षेच्या आठवड्यात, गणिताच्या तासाला, गारांत निसर्गपाठ?"

दादा उठून उभा राहिला. त्याच्या मागे गाव होतं, त्याच्या पायांना हात लावणारं. साहेब वाट पाहत होते. संकट दिसलं म्हणून बाहेर काढली, एवढं तो म्हणू शकला असता, पण त्यावरचा प्रश्न तयार होता: नव्या पक्क्या शाळेत ठेवण्याऐवजी उघड्यावर का? मला पडद्याआडूनही दिसत होतं की ह्या वाटेने सुटका नाही. वहिनीने माझं मनगट धरलं होतं.

"साहेब, मी बाहेर काढली नाहीत," दादा म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पुढचे लोक मागच्यांना गप्प करू लागले. "मी पळालो."

"म्हणजे?"

"खिडकीतून ती सोंड दिसली. मी असलं काही पाहिलं नव्हतं. मला पोरांची आठवण झाली नाही. भिंतींचीही नाही. मी दार उघडलं आणि पळालो. वाव दिसली, तिच्यात उतरलो. खाली गेल्यावर मागे पाहिलं, तर सगळी पोरं माझ्या मागे होती."

मी भावाकडे बघू शकले नाही. मी वहिनीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, आणि मला कळलं की तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

साहेबांनी चष्मा काढला. पोरांच्यात रेवाबेनची मणी बसली होती, दोन वेण्यांची, शाळेत येणाऱ्या मोजक्या मुलींपैकी एक. साहेबांनी तिला जवळ बोलावलं आणि साध्या गुजरातीत विचारलं, तुम्ही का पळालात?

मणीला प्रश्नच समजला नाही. "मास्तर करे एम करवानुं," ती म्हणाली. मास्तर करतील तसं करायचं. मास्तर म्हणाले एक, आपण म्हणायचं एक. मास्तरांनी पाटी धरली, आपण पाटी धरायची. मास्तर पळाले, तर पळायचं.

कुणीतरी हसलं आणि मग पुष्कळ जण हसले. साहेबही हसले. त्यांनी लिहून घेतलं की मास्तरांस भिंतींविषयी शंका नव्हती. दादा सुटला. पण तो त्या हसण्यातून मान खाली घालून घराकडे चालत गेला आणि कुणी त्याच्या पायांना हात लावला नाही. त्या संध्याकाळी तो ह्यांना म्हणाला, आता बदली मागतो. ह्या गावात मी काय तोंडाने शिकवू? कोण पाठवणार पोरं? ह्यांनी दादासाठी पान लावलं आणि त्याच्या हातात दिलं. मला त्या वेळी भावाचा राग आला होता, हेही खरं. मी पोळीत इतकं सांगून ठेवलं होतं.

सकाळी तो शाळेच्या ढिगाऱ्याजवळ चिंचेखाली जाऊन बसला, सवयीने. मी भांडी घासायला म्हणून वावेकडच्या वाटेला गेले, पण खरं म्हणजे बघायला गेले. पोरं आली. एक, दोन, मग घोळक्याने. त्यांच्या मागून रेवाबेन आली, मणीला घेऊन, आणि मणीच्या धाकट्या बहिणीला, जिला तिने दंड भरीन पण पाठवणार नाही असं सांगून घरी ठेवलं होतं. तिच्यामागे लोहारीण, तिचीही मुलगी. उतरंडवालीची नात. दादा गोंधळून उठला.

"मास्तर, ही पण लिहा," रेवाबेन म्हणाली.

"काल ऐकलंत ना तुम्ही?" दादा म्हणाला. "मी पळालो होतो, बेन."

"ऐकलं." तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बीकण मास्तर सारो." घाबरणारा मास्तर बरा. "न घाबरणारा असता तर पोरं आत बसवून गणितं घातली असती."

आणि ती घराकडे निघून गेली, तिची चूल खोळंबली होती.

पोरं ओळीने खाली बसली. दादाने हजेरी घ्यायला सुरुवात केली. त्याने पहिलं नाव उच्चारलं, हाजर असं उत्तर आलं, आणि दुसऱ्या नावाशी तो थांबला. तो पोरांकडे नुसता बघत राहिला. मग दुसऱ्या नंबरच्या पोराने स्वतःचं नाव सांगितलं आणि हाजर म्हटलं. मग तिसऱ्याने. अशी ती सगळी एकामागून एक आपापली नावं सांगत गेली, ओळीच्या शेवटापर्यंत, आणि एकही नाव सुटलं नाही.